साधने मिळाल्यानंतर

मराठीत डिजिटल शिक्षणाची चर्चा सुरू झाली की ती हमखास रेंजपाशी येऊन अडकते. गावात टॉवर नाही, शाळेचे वीजबिल थकले आहे, लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर कपाटात कुलूपबंद आहे, टॅब आले पण ते दुरुस्त करणारा कोणी नाही. या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या करायलाच हव्यात. पण त्यांच्या आडून एक प्रश्न वर्षानुवर्षे निसटत राहतो. हे सगळे उद्या मिळाले, तर मुले जास्त शिकतील का? चांगले शिकतील का?

संयुक्त अरब अमिरातीत हा प्रश्न टाळण्याची सोय नाही, कारण तिथे बहुतेक सगळे मिळालेले आहे. वीज जात नाही, नेट तुटत नाही, वर्गावर्गात स्मार्ट बोर्ड आहेत, आणि सरकारला नव्या तंत्रज्ञानाची हौसही आहे आणि ऐपतही. अशा देशात शिकवणाऱ्या आणि तिथेच मुले वाढवणाऱ्या मराठी माणसांचे अनुभव या संग्रहात एकत्र आले आहेत. ते वाचण्याआधी वाचकाच्या हाती थोडी पार्श्वभूमी असावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी या देशातल्या शाळांचे वय ध्यानात घेतले पाहिजे. दुबईच्या खाडीकाठी अल अहमदिया ही औपचारिक शिक्षण देणारी शाळा 1912 साली सुरू झाली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षे मुले मुतव्वाकडे, म्हणजे धर्मशिक्षकाकडे, बसून कुराण, अक्षरे आणि थोडी आकडेमोड शिकत. भारतीयांची इंडियन हायस्कूल दुबईत 1961 साली निघाली, म्हणजे देश स्थापन होण्याच्या दहा वर्षे आधी. 1971 साली संयुक्त अरब अमिरात अस्तित्वात आली, आणि तिथून चार दशकांत हा देश थेट टॅबलेटपर्यंत पोहोचला. आपल्याकडे पाटी, वही, रेडिओवरचे पाठ, दूरदर्शन, संगणक कक्ष, मग मोबाइल असे टप्पे पडत गेले, दर टप्प्याला वाद झाले, शिक्षकांच्या पिढ्या बदलल्या. तिथे हे टप्पे जवळजवळ एकमेकांवर चढून आले. जुनी सवय मोडण्याचा त्रास त्यांना कमी झाला. पण जुन्या सवयीने जे सांभाळले असते ते कोण सांभाळणार, हा प्रश्न लवकर आला.

2012 हे त्यातले महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी दुबईचे शासक आणि देशाचे पंतप्रधान शेख मोहम्मद बिन राशीद अल मक्तूम यांच्या नावाने सरकारी शाळांसाठी ‘स्मार्ट लर्निंग’ कार्यक्रम जाहीर झाला. खर्च एक अब्ज दिरहम. त्याच वर्षी सप्टेंबरात देशातल्या तीन सरकारी उच्चशिक्षण संस्थांनी पायाभूत वर्गातल्या सुमारे 14 हजार विद्यार्थ्यांच्या हाती आयपॅड दिले. पुढे 2016 मध्ये अबुधाबीत अलेफ एज्युकेशन ही कंपनी उभी राहिली. तिची प्रणाली सरकारी शाळांत आली आणि प्रत्येक मुलाने कुठल्या धड्यावर किती वेळ घालवला, कुठे अडखळला, हे शिक्षकाच्या पडद्यावर दिसू लागले.

यातला एक उपक्रम मराठी वाचकाने जरा थांबून पाहावा असा आहे. यंत्रे आली, पण यंत्रावर शिकायचे काय? नेटवरचे गणित-विज्ञानाचे उत्तम साहित्य बव्हंशी इंग्रजीत. म्हणून 2017 मध्ये भाषांतराची एक मोहीम निघाली आणि स्वयंसेवकांच्या बळावर पाच हजार व्हिडिओ अरबीत आणले गेले. 2018 मध्ये ते ‘मदरसा’ या नावाने सर्वांसाठी मोफत खुले झाले. पैसा असलेल्या देशालाही कळले की पडदा विकत आणता येतो, पण त्यावर आपली भाषा आपल्यालाच लिहावी लागते. आपल्याकडे बालभारतीची पुस्तके पीडीएफ रूपात मोफत मिळतात, दीक्षासारखे सरकारी व्यासपीठ 2017 पासून आहे. तरीही दहावीच्या मराठी माध्यमातल्या मुलाला प्रकाशाचे अपवर्तन मराठीतून नीट समजावणारे किती व्हिडिओ सापडतात, हे ज्याने त्याने शोधून पाहावे.

मग 2020 आले आणि त्याबरोबर कोरोनाची साथ. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अमिरातीने शाळा बंद करण्याचा निर्णय घेतला. वसंतातली सुटी अलीकडे ओढली आणि त्यानंतर घरून शिक्षण सुरू होईल असे सांगितले. महिनाअखेरीस हीच व्यवस्था शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत राहील असे ठरले. भारतीय शाळांची अडचण यात वेगळी होती. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते. म्हणजे अरब आणि ब्रिटिश शाळांतली मुले ओळखीच्या शिक्षकांबरोबर वर्षाचा शेवट पडद्यावर करत होती, तर भारतीय मुले नव्या इयत्तेची सुरुवातच पडद्यावर करत होती. नवी बाई, नवा वर्ग, आणि दोघांनी एकमेकांना पाहिलेलेही नाही. भारतातून विमाने थांबलेली, त्यामुळे छापील पुस्तकांचाही भरवसा नव्हता. एनसीईआरटीची पीडीएफ उघडून धडे सुरू झाले. दहावी-बारावीच्या परदेशातल्या उरलेल्या परीक्षा सीबीएसईने रद्दच केल्या.

अमिरातीत इंटरनेटवरून बोलण्यावर बरेच निर्बंध आहेत. व्हॉट्सॲपवर निरोप जातो, पण व्हॉट्सॲपवरून नातवाचा चेहरा बघत बोलता येत नाही, हे दुबईत मुलगा असलेल्या इकडच्या प्रत्येक आईला ठाऊक आहे. शाळा घरी आल्या तेव्हा दूरसंचार नियामकाने झूम, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारख्या सेवांना वाट मोकळी करून दिली. घरी नेट नसलेल्या कुटुंबांना एतिसलात आणि डू या दोन्ही कंपन्यांनी मोफत मोबाइल डेटा दिला. दुबई केअर्स या संस्थेने गरजू घरांतल्या मुलांसाठी संगणक गोळा करण्याची मोहीम काढली. शेवटच्या दोन गोष्टी मुद्दाम नोंदवल्या पाहिजेत, कारण त्यांवरून एवढे कळते की श्रीमंत देशातही सगळी घरे श्रीमंत नसतात. देरा, बर दुबई किंवा शारजातल्या एका बेडरूमच्या घरात दोन मुले, दोघांचे वर्ग एकाच वेळी, लॅपटॉप एक आणि तो वडिलांच्या ऑफिसचा. वडील घरूनच काम करत आहेत आणि आई स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून धाकट्याला ‘अनम्यूट कर, बाई विचारतायत’ म्हणून खुणावते आहे. परदेशी कुटुंबांची मुले बहुतांशी खाजगी शाळांत जातात आणि फी पालक भरतात, त्यामुळे जास्त फीची शाळा आणि बेताच्या फीची शाळा यांतले अंतर पडद्यावर आणखी ठळक झाले. एकीकडे पंधरा-वीस मुलांचा वर्ग, दुसरीकडे तीस-पस्तीस. पडद्यावर पस्तीस चौकोन, त्यातले निम्मे काळे, आणि त्या काळ्या चौकोनामागे मूल आहे की नुसते नाव, हे शिक्षिकेला कळायला मार्ग नाही.

त्याच काळात महाराष्ट्रात ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने व्हॉट्सॲपवरून अभ्यास पोहोचवला जात होता, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. साधनांच्या बाबतीत दोन टोके. पण दोन्हीकडच्या शिक्षकांनी नंतर जे सांगितले ते आश्चर्य वाटावे इतके सारखे आहे: धडा पोहोचला, मूल पोहोचले की नाही ते समजले नाही.

आता वर्गात नेमके काय घडते ते एका उदाहरणाने पाहू. पाचवीतला मुलगा टॅबवर अपूर्णांक सोडवतो आहे. प्रश्न आहे एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. तो वरचे आकडे मिळवतो, खालचे आकडे मिळवतो आणि दोन सप्तमांश या पर्यायावर बोट ठेवतो. लाल खूण. दुसरा पर्याय, पुन्हा लाल. तिसऱ्याला हिरवी खूण येते, सात द्वादशांश. पुढचा प्रश्न. दहा मिनिटांत त्याची पट्टी हिरवी होते, टाळ्यांचा आवाज येतो, आणि नोंद होते की धडा पूर्ण. मुलगा काय शिकला? तिसऱ्यांदा दाबले की बरोबर येते, हे शिकला.

हाच मुलगा वहीत गणित सोडवत असता तर फेरी मारणाऱ्या बाईंच्या नजरेला दोन सप्तमांश पडले असते. त्यांनी विचारले असते, ‘आधी तुझ्याकडे एक तृतीयांश पोळी होती. मी आणखी पाव पोळी दिली. आता दोन सप्तमांश झाली म्हणतोस. ही आधीपेक्षा जास्त की कमी?’ मुलगा विचारात पडतो. दोन सप्तमांश तर एक तृतीयांशापेक्षाही कमी. मिळवल्यावर कमी झाली कशी? या ठिकाणी शिकणे सुरू होते. इथे चूक पुसायची नसते, ती धरून ठेवायची असते.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तीस मुलांच्या वर्गात बाईंची फेरी त्या मुलापर्यंत पोहोचेलच असे नाही. प्रणाली चांगली असेल आणि बाईंनी ती नीट वापरली, तर दुसऱ्या दिवशी वर्गात शिरण्यापूर्वीच त्यांना कळते की अकरा मुलांनी हीच चूक केली आहे. मग त्या अकरा जणांना वेगळे बसवून पोळीचा प्रश्न विचारता येतो. कोण अडखळले हे यंत्र झटकन सांगते. का अडखळले हे शोधायला अजून तरी माणूस लागतो. या संग्रहातले वर्गानुभव वाचताना या दोन कामांचे वाटप कुठे जमले आणि कुठे फसले, यावर लक्ष ठेवावे.

जिथे फसले तिथे बहुधा कारण एकच सापडते: शिक्षकाला वेळ नाही. तंत्रज्ञानाने शिक्षकाचे काम हलके होईल असे सांगितले गेले होते. पेपर तपासणे काही अंशी हलके झालेही. पण त्या जागी धड्याची पीपीटी, पोर्टलवर रोजच्या नोंदी, प्रत्येक मुलाची आकडेवारी आणि रात्री दहा वाजता येणारे पालकांचे निरोप आले. दुबईत खाजगी शाळांची तपासणी सरकारी प्राधिकरणातर्फे होऊन शाळेची श्रेणी जाहीर होत आली आहे. फी वाढवण्याची मुभाही बरीच वर्षे त्या श्रेणीशी जोडलेली राहिली. त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा पुरावा ठेवावा लागतो. पुण्यात किंवा कोल्हापुरात पंधरा वर्षे खडू-फळ्यावर शिकवून गेलेल्या शिक्षिकेला नवे सॉफ्टवेअर शिकणे फारसे जड जात नाही. जड जाते ते शिकवण्याच्या वेळातून नोंदींचा वेळ काढणे.

आता थोडे आकडे. पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत 2022 साली अमिरातीच्या पंधरा वर्षांच्या मुलांना गणितात सरासरी 431 गुण मिळाले. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतल्या देशांची सरासरी 472 होती. वाचनात हेच आकडे 417 आणि 476. यावरून टॅबमुळे गुण घसरले असे म्हणणे चूक. देशाच्या शिक्षणाचे वय, मुलांच्या घरच्या भाषा, सरकारी आणि खाजगी शाळांतला फरक अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. पण एक निष्कर्ष मात्र निघतो. साधनांची रेलचेल आणि चांगले निकाल यांचे नाते सरळ नाही. त्याच पाहणीत ओईसीडी देशांतल्या 65 टक्के मुलांनी सांगितले की गणिताच्या निदान काही तासांना तरी डिजिटल उपकरणांमुळे आपले लक्ष उडते. आणि तीच पाहणी हेही सांगते की शाळेत दिवसाला तासाभरापर्यंत उपकरणे शिकण्यासाठी वापरणारी मुले अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा गणितात 14 गुणांनी पुढे होती. म्हणजे उपकरण वाईट नाही आणि जास्त उपकरण म्हणजे जास्त शिक्षण असेही नाही. युनेस्कोच्या 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालाने हाच धागा पकडून विचारले की हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वर्गात येते आहे.

अटींचा विषय निघाला की मराठी माणसाला एक नाव आठवल्यावाचून राहत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020 मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाले. दहा लाख डॉलरचा हा पुरस्कार देणाऱ्या वार्की फाउंडेशनचे संस्थापक सनी वार्की हे दुबईतल्या जेम्स शाळांचे प्रमुख, मूळचे केरळचे; त्यांच्या आईवडिलांनी 1968 साली दुबईत शाळा सुरू केली होती. महामारी येईपर्यंत हा पुरस्कार दुबईतच दिला जात असे. डिसले गुरुजींना तो मिळाला त्या वर्षी मात्र सोहळाही ऑनलाइन झाला. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, हे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या कामाचा गाभा तितका माहीत नाही. मुलांची घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी आधी पुस्तके त्या भाषेत आणली आणि मग पानावर क्यूआर कोड छापले, जे मोबाइलने टिपले की कविता ऐकू येते, धडा पाहता येतो. 2017 मध्ये महाराष्ट्र सरकारने हीच कल्पना राज्यभरातल्या पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. साधन किरकोळ होते, घरात आधीच असलेला साधा स्मार्टफोन पुरत होता. मोल होते ते त्या आधीच्या पायरीचे: समोरचे मूल कुठे अडते ते गुरुजींनी ओळखले होते. दुबईच्या पैशाने परितेवाडीत जे नावाजले ते नेमके हे.

अमिरातीत अलीकडे जे घडते आहे त्यातही ही जाणीव दिसू लागली आहे. मे 2025 मध्ये जाहीर झाले की 2025-26 पासून सर्व सरकारी शाळांत बालवाडीपासून बारावीपर्यंत कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय शिकवला जाईल. 2017 मध्येच या विषयासाठी स्वतंत्र मंत्री नेमणाऱ्या देशाकडून हे अपेक्षितच होते. पण अभ्यासक्रम पाहिला तर लहान वर्गांत गोष्टी आणि खेळ आहेत, आणि वरच्या वर्गांत यंत्राचे उत्तर चुकते कसे, पक्षपाती होते कसे, याचा विचार आहे. दुसऱ्या बाजूला शाळेत मोबाइल आणण्यावरची बंदी याच देशाने नव्याने बजावली आहे. कोणी म्हणेल ही विसंगती झाली. मला ती शहाणपणाची खूण वाटते. तंत्रज्ञान शिकवायचे आणि तंत्रज्ञानाला वर्गात मोकाट सोडायचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑनलाइन शाळेची योग्य जागा कोणती, हेही तिथल्या पावसाने एकदा दाखवून दिले. 16 एप्रिल 2024 रोजी अल ऐनजवळ एका ठिकाणी 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस पडला. 1949 पासूनच्या नोंदींतला हा सर्वांत मोठा. रस्ते तळी झाले, आणि शाळा काही दिवस पडद्यावर गेल्या. चार वर्षांपूर्वी जी धांदल उडाली होती ती या वेळी उडाली नाही. अडीनडीला शाळा बंद पडू नये, यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे. रोजच्या शाळेची जागा ती घेऊ शकत नाही, हे त्याच मुलांनी 2020 मध्ये अनुभवले होते.

राहिला घरचा प्रश्न, आणि तो मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा. अमिरातीतले मराठी मूल शाळेत इंग्रजी बोलते, अरबी सक्तीने शिकते, हिंदी मित्रांत आणि पडद्यावर ऐकते. मराठी उरते ती आईशी भांडताना. इथे मात्र तंत्रज्ञानाने खरेच काही दिले. तिकडची घड्याळे आपल्या दीड तास मागे. दुबईत संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा पुण्यात साडेसहा झालेले असतात, आणि ती वेळ निवृत्त शिक्षिकेलाही सोयीची आणि शाळेतून आलेल्या मुलालाही. बालभारतीचे पहिलीचे पुस्तक दोन्ही पडद्यांवर उघडते आणि धडा सुरू होतो. अशा वर्गात मुले चार-पाचच असतात, बाई प्रत्येकाला नावाने ओळखतात, आणि चुकले तर तिथल्या तिथे पुन्हा म्हणवून घेतात. तो वर्ग चालतो तो याच कारणाने. पालकांनी मुलाला टॅबवर बाराखडीचे ॲप लावून देऊन स्वतः मोबाइल हाती घेतला, तर त्याच नेटवरून, त्याच पडद्यावर मराठी महिनाभरात मागे पडते.

मतभेद या संग्रहात आहेत, आणि ते असायला हवेत. स्मार्ट बोर्डाशिवाय भूमिती शिकवणे आता कल्पनेतही येत नाही असे म्हणणारे इथे भेटतील, आणि चौथीपर्यंत पडदा नकोच म्हणणारेही. माझे मत वर आलेच आहे: साधनांचा प्रश्न सुटला की शिक्षकाचा प्रश्न उघडा पडतो, आणि अमिरातीत तो आज उघडा पडला आहे. महाराष्ट्रात तो उद्या पडेल. टॅब, नेट आणि वीज आपल्या शाळांनाही मिळालीच पाहिजे; त्यात उशीर होणे हा मुलांवरचा अन्याय आहे. पण त्या मागणीच्या यादीत पहिल्या ओळीवर शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे, वर्गातली मुलांची संख्या आटोक्यात ठेवणे आणि अशैक्षणिक नोंदींचा भार उतरवणे हे लिहिले गेले पाहिजे. हा संग्रह वाचून झाल्यावर आपल्या गावच्या शाळेत एकदा जावे, तिथला डिजिटल फळा चालू आहे का हे जरूर विचारावे. आणि तिथल्या शिक्षकाला एका मुलाजवळ पाच मिनिटे बसायला वेळ मिळतो का, हे त्याआधी विचारावे.